थोरली माय

राज्याभिषेकाच्या सकाळी राणी इल्वेननं लेकाला स्वतः न्हाऊ घातलं, कानामागे खसाखसा पुसलं आणि बार्लीची पेज पुढ्यात ठेवली. तेसिननं नाक मुरडलं.

"आई, मीठच नाहीये."

"गप गीळ. आज राजा व्हायचंय तुला."

दारात म्हातारा कारभारी ओदरीक खाकरला. "राणीसाहेब, ती हाक आत्ताच पोटभर ऐकून घ्या. एकदा मुकुट चढला की आई म्हणायचं ते फक्त थोरल्या मायला. तुम्ही मग पाळणावाली."

झालं! इल्वेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्दूनच्या गादीचा हा असला मेला रिवाज. सिंहासनाशेजारी एक दगडी आसन, त्यावर कुणी बसायचं नाही, आणि 'थोरली माय' हा किताब त्या रिकाम्या आसनाचा. त्याला रोज नवी उशी, रोज पहिलं ताट. आणि जिनं नऊ महिने पोटात वागवलं, ती कोण, तर पाळणावाली! इल्वेनची सासू एका हाकेसाठी झुरून झुरून गेली. तिचा मुलगा, म्हणजे इल्वेनचा नवरा, मरतानासुद्धा त्या दगडालाच आई म्हणाला.

"कोण ही थोरली माय? पाहिलीय कुणी?"

"पाहायची नसते." ओदरीकचा आवाज खाली आला. "मान द्यायचा आणि तिच्या वाटेला जायचं नाही."

"तिच्या वाटेला? ती माझ्या पोराच्या वाटेला आलीय! आज मीच बसते तिथं. बघते कोण उठवतं!"

दरबार भरला होता. समुद्राकडच्या खिडक्यांतून धुकं आत येत होतं, सरदारांच्या दाढ्या ओलसर झाल्या होत्या. इल्वेन तरातरा आसनापाशी गेली. उशी मधोमध दबलेली होती. दासी बसत असतील चोरून, तिला वाटलं. तिनं उशी भिरकावली.

"राणीसाहेब, नको!" ओदरीक ओरडला.

ती बसली.

दगड गार लागणार म्हणून तिनं अंग आवळून घेतलं होतं. तो उबदार लागला. आणि मऊ.

तिचे पाय जमिनीला टेकेनात.

उठावंसं वाटलं तिला. पण या सगळ्यांसमोर? मुळीच नाही! दातओठ खात ती तशीच बसून राहिली. तिच्या पाठीशी काहीतरी संथपणे वरखाली होत होतं.

मुकुट चढला. तेसिन आसनाकडे वळला, रीतीप्रमाणे वाकला.

"आई."

इल्वेनचे डोळे भरून आले. जिंकली होती ती. तिनं दोन्ही हात पसरले.

तेसिन तिच्या डोक्याच्या वर कुठंतरी बघत होता. लाडात आला की हसायचा, तसा तो हसला.

"आई, या पाळणावालीला मांडीवरून उतरव ना. मला बसायचंय."