फुकटचा घाट

दीड टन वजनाची गाडी डोंगरमाथ्यावरून सहाशे मीटर खाली पायथ्याशी आणायची, तर खर्च किती येईल? हे कोडं कुसवड्याच्या धुराडी मंडळातल्या कुणालाही घाला, तो मिशीतल्या मिशीत हसून सांगायचा, "फुकट." हे मंडळ म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं. बाकीचं गाव केव्हाच विजेच्या, आपल्या आपण चालणाऱ्या गाड्यांतून फिरू लागलं होतं. या मंडळींना मात्र दर रविवारी दोन तास जुनी गाडी रस्त्यावर काढायची परवानगी होती, आणि गाड्यांपेक्षा त्यांची तोंडंच जास्त चालायची. सकाळी इंजिन दहा मिनिटं तापवल्याशिवाय गाडी जागची हलवू नये म्हणे. टायर रबराचे, म्हणून गाडीत बसलेल्याला वीज लागत नाही म्हणे. (वाचवतो तो गाडीचा पत्रा. वीज त्याच्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. रबराचा त्यात काडीचाही वाटा नाही.) असल्या गप्पांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. "फुकटचा घाट" या शब्दांनी मात्र एक माणूस गेला.

तो माणूस म्हणजे मंडळातलेच एक, बारा वर्षांच्या शाल्मलीचे बाबा. आंबेदरा घाटाच्या नवव्या वळणावर त्यांच्या जीपचे ब्रेक लागेनात आणि जीप कठडा तोडून खाली गेली. शाल्मली वाचली, डाव्या पायात दोन सळ्या घेऊन. महिन्यापूर्वीच त्या जीपच्या ब्रेकचं काम यशवंततात्या पांचाळांनी केलं होतं. झालं, गावानं निकाल लावून टाकला. त्यांच्या गॅरेजच्या पाटीवर कुणीतरी डांबरानं 'खुनी' लिहिलं. तात्या ते पुसायलाही गेले नाहीत. शाल्मलीची आई त्यांचं नाव निघालं की उठून आत जायची. सोमवारी शाळेच्या सभागृहात चौकशी होती, आणि तिथे तात्यांचं गॅरेज कायमचं बंद होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

चेंदामेंदा झालेली जीप तात्यांच्याच शेडमध्ये आणून ठेवली होती. तिच्याजवळ तीन दिवस पारख बसून होता. पारख म्हणजे अपघातातल्या गाड्या तपासणारा यंत्रमानव, शहरातून पाठवलेला. शनिवारी दुपारी शाल्मली कुबड्या टेकत तिथे गेली. आईला तिनं मैत्रिणीकडे जाते म्हणून थाप मारली होती. ब्रेक कुणामुळे गेले, एवढंच तिला विचारायचं होतं.

पारखनं सरळ उत्तर दिलं नाही. तळहात एकमेकांवर जोरात घास, म्हणाला. चटका बसेपर्यंत तिनं ते घासले. मग तो सांगू लागला. उंचावरच्या प्रत्येक वस्तूत स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली शक्ती) असते. गाडी उतरू लागली की ती शक्ती वेगात येते, आणि वेग वाढू द्यायचा नसेल तर ती कुठेतरी जिरवावी लागते. ती हवेत विरून नाहीशी होत नाही. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती घासली जाते आणि ती शक्ती उष्णता होऊन बसते. अख्ख्या आंबेदरा घाटात जीपची उष्णता किती होईल? दोन घागरी गार पाणी उकळेल एवढी. ती सगळी चार चकत्यांनी सोसायची. पारखनं जीपच्या चकत्या तिला दाखवल्या. बेसुमार तापून त्या निळ्या पडल्या होत्या.

मग त्यानं सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी पाण्यानं भरली आणि तिला पुढचं भोक बोटानं बंद करून दट्ट्या दाबायला सांगितलं. दट्ट्या हलेना. त्यानं आत थोडी हवा शिरू दिली, तेव्हा तो सहज आत गेला. पारख म्हणाला, ब्रेकच्या नळीतलं तेल पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतं. तेच तेल तापून उकळलं की त्यात बुडबुडे होतात. मग कितीही दाबा, दबतात ते बुडबुडे, चाकाला काही कळतही नाही. तात्यांनी घातलेलं तेल त्यानं तपासलं होतं. ते ताजं होतं, भरपूर होतं आणि थेंबभरही गळती नव्हती.

म्हणजे तात्यांची चूक नव्हती. शाल्मलीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चकत्या एवढ्या तापल्या कशा, हे तिनं विचारलं खरं, पण उत्तर तिला ऐकायचं नव्हतं.

पारख म्हणाला, गाडी गिअरमध्ये असली की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. ते जड धूड फिरवण्यात बरीच शक्ती जिरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. याला इंजिन ब्रेकिंग (इंजिनानं गाडी मागे ओढून धरणं) म्हणतात. गाडी न्यूट्रलला (चाकं आणि इंजिन यांची गाठ सोडून) टाकली, तर सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

"पण न्यूट्रलमध्ये पेट्रोल तरी वाचतं ना?" तिनं विचारलं.

"नाही. फार जुन्या गाड्यांत थोडं वाचत असेल. या जीपमध्ये उलट आहे. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तिचा संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला जिवंत राहायला पेट्रोल जाळावंच लागतं."

जीपच्या गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सापडला होता, पारखनं सांगितलं, पण जीप पडताना तो धक्क्यानंही सरकला असेल. अहवालात तो अंदाज लिहीत नसे. "गाडीत तुम्ही दोघंच होतात," तो एवढंच म्हणाला.

शाल्मलीला सगळं ठाऊक होतं. घाटमाथ्यावरचा बंद पडलेला टोलनाका आला की तिनं "फुकट" म्हणायचं आणि बाबांनी गिअर सोडायचा. ती पाच वर्षांची असल्यापासूनचा हा खेळ. इंजिनाची गुरगुर थांबायची, काचांवर वारा घुमायचा, आणि दोघं हसत सुटायचे. त्या दिवशी बाबा कसल्याशा विचारात होते. टोलनाका मागे पडला तरी गाडी गिअरमध्येच होती. तिनंच "फुकट" म्हणून आठवण करून दिली.

रविवारी ती जेवली नाही. बोललं तर तात्या सुटतील, पण बाबांचं नाव खराब होईल. आणि आईला कळेल, कुणाच्या शब्दावर बाबा गेले ते.

सोमवारी पारखनं अहवाल वाचला आणि गिअरच्या दांड्याच्या मुद्द्यापाशी येऊन थांबला. आणखी कुणाला काही सांगायचंय का, असं त्यानं विचारल्यावर शाल्मली कुबडीवर उभी राहिली. "बाबांनी गाडी न्यूट्रलला टाकली," ती म्हणाली. "मी फुकट म्हटलं, म्हणून टाकली."

धुराडी मंडळाच्या माना खाली गेल्या. आई दगडासारखी बसून होती. तिनं लेकीकडे पाहिलंही नाही, आणि शाल्मलीला वाटलं, बाबांबरोबर आपणही गेलो असतो तर बरं झालं असतं. तेवढ्यात तात्या उठून तिच्यापाशी आले.

"पोरी, तो शब्द तुला आम्ही शिकवला. मी गॅरेजवाला माणूस. वीस वर्षं ऐकत होतो, हसत होतो, पण एकदाही खोडून काढला नाही. दोष स्वतःवर नको घेऊस."

मग आई उठली. आधी तिनं तात्यांना हात जोडले, आणि नंतर शाल्मलीचा हात धरून तिला घरी नेलं. वाटभर तिनं तो हात सोडला नाही.

पुढे मंडळानं एक नियम केला. मापून पाहिल्याशिवाय कुणी गाडीबद्दल काही छातीठोक सांगायचं नाही. मापं लिहायची वही शाल्मलीकडे आली.

दोन महिन्यांनी ती तात्यांच्या जीपमधून पहिल्यांदा घाट उतरली. पेट्रोल क्षणाक्षणाला किती जळतं, ते दाखवणारा आकडा समोरच होता. टोलनाका आला. ती काही बोलली नाही. तात्यांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय उचलला. इंजिन गुरगुरू लागलं, अगदी बाबांना आवडायचं नाही तसं. तिनं आकड्याकडे पाहिलं.

शून्य.

"तात्या," ती म्हणाली, "फुकट तर हे होतं." आणि अपघातानंतर पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली. तात्यांनी तिला रडू दिलं. मागून मंडळाच्या सगळ्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत सावकाश उतरत होत्या. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, वही उघडली आणि तो आकडा लिहून घेतला.