विनोदच्या नावापुढचा हिरवा ठिपका

सरका जरा आत. दार लोटून घ्या. हे ऐकीव नाही, पोरांनो. शिरूरचा महेंद्र आमच्या नात्यातलाच, आणि हे सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

महेंद्र कंप्युटरच्या दुकानात कामाला. आईबाप नव्हते, घरात तो आणि धाकटी बहीण माया. माया जन्मापासून बहिरी. मूकबधिर शाळेतले तिचे आठ-दहा सोबती शिरूर-दौंडच्या गावोगाव पांगलेले. ते इंटरनेटवर जमायचे, कॅमेऱ्यासमोर हातांनी बोलायचे. पण तिथं परकी माणसं घुसायची, त्यांच्या नकला करायची. म्हणून महेंद्रनं त्यांच्यापुरतं खाजगी नेटवर्क बांधून दिलं. पासवर्ड असेल तोच आत. कोणी आलं की त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागायचा. माया दिवसभर त्या ठिपक्यांची वाट बघायची. त्यातही भांडगावच्या विनोदची जास्त.

संक्रांतीच्या सुमारास विनोद अपघातात गेला.

महिनाभरानं त्याच्या नावापुढं ठिपका लागला. महेंद्रला वाटलं, विनोदच्या घरचंच कोणी त्याचं मशीन लावत असेल. त्यानं ते नाव काढून टाकलं, पासवर्ड बदलला. दुसऱ्या रात्री नाव परत हजर. पडद्यावर त्याच्या चौकटीत नुसते दोन हात. चेहरा नाही. मायानं जेवण सोडलं. पडद्यासमोरून ती उठेना.

दोन हजार आठ सालची धुळवड. संध्याकाळी दुकान बंद करून महेंद्र मोटारसायकलवर भांडगावला निघाला. नवा पासवर्ड मायानंच तिकडं कळवला असणार, असं त्यानं धरलं होतं. ते मशीन बंद ठेवा, एवढंच सांगून यायचं होतं.

विनोदची आई सोजरबाई ओट्यावर बसली होती. तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"कंप्युटर कुठला रं बाबा," ती म्हणाली. "बिघडला म्हणून गाडीवर बांधून दुरुस्तीला न्हेत हुता. हायवेवर ट्रकखाली त्याच्यासंगंच चुरा झाला त्याचा."

मग तिनंच हळू विचारलं, "काय म्हणत्यात त्याचं हात?"

महेंद्रनं पंजा आपल्याकडं ओढून दाखवला. ये... ये...

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "तू जा. आत्ता जा. पोरीला एकली ठिवू नगंस."

त्यानं मायाला मेसेज केला. उत्तर नाही. चौफुल्याला थांबून आणखी एक केला. नाही. पारगावचा पूल, न्हावरे... गाडी पळेल तेवढी पळवली. शेजारी कोणाला फोन लावावा, तर धुळवडीचं सगळं गाव थकून झोपलेलं. कोणी उचलेना.

शिरूरात शिरला तर लोडशेडिंग. सगळी आळी काळोखात.

त्याच्याच खिडकीत उजेड होता.

दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. वीज नाही, तरी पडदा चालू. त्यात दोन हात.

आता ते बोलावत नव्हते. थरथरत होते. एक बोट बाहेर दाखवत होतं. रस्त्याकडं. पुन्हा... पुन्हा...

महेंद्र धावला.

नगर रस्ता. चांदणं. मधोमध माया. अनवाणी. पाठमोरी.

तिच्या मागून ट्रक.

तो ओरडला. कोणासाठी ओरडला? ती तर...

मध्ये एवढं अंतर. पाय पोचेनात.

ट्रकनं हॉर्न दिला.

आणि माया वळली.

वळून बघितलं. बाजूला झाली. ट्रक वारा देऊन गेला.

महेंद्रनं तिला कवटाळलं. ती थंडगार पडली होती. तिनं आपल्या कानाला हात लावला, आणि बोटांनी विचारलं... ते काय होतं?



नेटवर्क त्यानं दुसऱ्याच दिवशी मोडलं. मायाला पुण्याला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, काही बदल नाही, जन्मापासून आहेत तसेच. आजही शेजारी बसून हाक मारा, भांडं आपटा, फटाका लावा. तिला पत्ता नसतो.

पण लांब रस्त्यावर कुठं ट्रकचा हॉर्न वाजला, की माया वळून बघते.