रिकाम्या पोर्टचा दिवा

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितली की समोरचा आधी हसतो, मग "काकूंना एकदा डॉक्टरला दाखवा" म्हणतो. दाखवून झालंय. काकू ठणठणीत आहे.

भूतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते... यातलं सगळं दिवसाढवळ्या घडलं. औषधांच्या एका मोठ्या गोदामात, माणसांच्या वर्दळीत. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी चुलतबहीण खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. मी तिच्या कानांकडे बघतच सगळं ऐकलंय.

तिला आम्ही ताई म्हणतो. ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून त्या गोदामाचे कॉम्प्युटर आणि फोन सांभाळायचे. भावाचं नाव आम्ही घुम्या ठेवलं होतं. सदा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. कधी चार वाक्यं सलग बोललाच, तर त्यांची आई, म्हणजे माझी काकू, त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

घुम्या मशीनच्या खोलीत बसायचा. खोलीला खिडकी नाही. एक टेबल, एक फोन, आणि भिंतीवरच्या लोखंडी कपाटात ती पेटी. तिला ते लोक स्विच म्हणतात. गोदामातल्या सगळ्या वायरी तिच्यात येतात. प्रत्येक वायरीला एक पोर्ट, म्हणजे खाच, आणि प्रत्येक पोर्टवर एक हिरवा दिवा. वायर जोडली की दिवा लागतो, काढली की विझतो.

काकू रोज दुपारी त्याच्या टेबलावर फोन करायची.

"जेवलास का?"

"हं."

"डबा गार नव्हता ना झाला?"

"हं."

मग काकू अख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगायची आणि तो ऐकत राहायचा.

एका दुपारी त्याच खुर्चीत त्याचं हृदय बंद पडलं. दारातून दोनदा डोकावून गेलेल्या ऑफिसातल्या बाईंना वाटलं, नेहमीसारखा गप्प बसलाय. काकूचा फोन त्या दिवशी बराच वेळ वाजला होता.

पुढचे काही महिने घर कसं गेलं ते सांगत नाही.

मग एकदा ताई किल्ली विसरली म्हणून दुपारीच घरी आली. काकू फोनवर बोलत होती. हसत होती.

"थांब हं, ताई आली बघ," म्हणून तिने फोन पुढे केला.

ताईला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने फोन कानाला लावला.

आधी नुसती घरघर आली. मशीनच्या खोलीतल्या पंख्याची.

मग...

"हं."

ताईने फोन कानावरून काढून त्याच्याकडे बघितलं. घुम्याचा फोन तिने स्वतःच्या हाताने काढून ठेवला होता. वायरसुद्धा गुंडाळून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी काकूच्या फोनच्या वेळेला ती त्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. घुम्याचं पोर्ट रिकामं. वायर नाही, काही नाही.

आणि...

दिवा लागला.

काकूचं बोलणं संपेपर्यंत तो लुकलुकत राहिला.

"घाबरली नाहीस?" मी विचारलं होतं.

"घाबरायला तो काय परका होता?" ताई म्हणाली.

तिने कुणाला सांगितलं नाही. दिवस जात होते. काकू पुन्हा पोटभर जेवायला लागली होती. कुणाचं काय बिघडत होतं?

पण त्या पेटीतच दोष होता. त्या जातीच्या सगळ्याच पेट्यांत होता. आत ठोके देणारी एक चिप असते, त्या ठोक्यांवर सगळी पेटी चालते. ती चिप वर्षागणिक कमजोर होत जाते. चालू आहे तोवर काही कळत नाही. एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. पेटी बनवणाऱ्या कंपनीने सगळ्यांना तसं कळवलं होतं, बदलून द्यायला नवी पेटीही पाठवली होती. ताई बदलायचं टाळत होती.

आणि नेमकं वीजवाल्यांनी कळवलं की रविवारी दिवसभर वीज बंद. बॅटरी तासभर टिकली असती. जनरेटर फक्त औषधांच्या थंड खोल्यांसाठी.

"बरं झालं," गोदामाचे साहेब म्हणाले. "जुनी भंगारात टाका, नवी बसवा. जीव गुंतवण्यासारखी वस्तू आहे का ती?"



एक उपाय होता, या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला. पेटी उघडायची, त्या चिपजवळ एक बारीकसा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा तुकडा, जोडायचा. चिपला टेकू मिळतो आणि मेलेली पेटी उठते. पण चिप तीच. ती झिजतच राहते. टेकू किती दिवस पुरेल हे कुणी छातीठोक सांगत नाही.

ताईने काकूला सगळं समजावलं. काकूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दुरुस्तीत त्याला काही होणार नाही ना?"

रविवारी वीज गेली. बॅटरी संपत आली तसे पेटीवरचे दिवे पटापट विझले.

एक सोडून.

रिकाम्या पोर्टचा दिवा एकटाच जळत होता... मंद होत होता... मग तोही गेला. पंखा थांबला. त्या खोलीत इतकी शांतता ताईने कधी ऐकली नव्हती.

तिने पेटी बाहेर खिडकीजवळच्या उजेडात नेऊन उघडली, गॅसवर तापणाऱ्या सोल्डरिंगच्या कावियाने रेझिस्टरला टाका मारला. टाका नीट बसला की नाही तिने पुन्हा पुन्हा बघितलं. मग वीज येण्याची वाट बघत बसली.

वीज आली तेव्हा उन्हं उतरली होती. पेटी सुरू झाली. एकेक दिवा हिरवा झाला.

ते पोर्ट अंधारातच.

ताईने मोबाईलवरून घुम्याचा नंबर लावला. वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. ती रडायलाच लागली होती, तेवढ्यात...

दिवा लागला.

"घुम्या?"

"हं" आलं नाही. आधी धापा ऐकू आल्या. आणि मग तो बोलायला लागला. जन्मात कधी बोलला नव्हता तेवढं.

"ताई, बंद का केलंत? इथं काहीच नव्हतं गं. पंख्याचा आवाजसुद्धा नव्हता. मी हाका मारत होतो. तुला मारली, आईला मारली. किती वेळ झाला? वर्षं झाली का? पुन्हा बंद नका करू. ताई, ऐकतेयस ना? पुन्हा नका..."

ताई ऐकत होती. 

तेव्हापासून ती पेटी चालूच आहे. नवी पेटी खोक्यातच पडून आहे. ती कधी बसवणार म्हणून साहेब विचारतात, ताई काहीतरी कारण देते. बसवायची तर जुनी बंद करावी लागेल. नाही बसवली तरी एक दिवस ती आपणहून बंद पडेलच. तेव्हा पुन्हा टेकू लागेल की नाही, आणि लागून उठली तरी मधल्या वेळात तो कुठे असेल...

ताई आता गोदाम आणि घर सोडून कुठे जात नाही. आमच्या घरातल्या लग्नालाही आली नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे जेवायला गेले होते. काकू वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"ताई, तो हल्ली रोज एकच विचारतो," ती म्हणाली. "गल्लीतलं काही ऐकूनच घेत नाही."

"काय विचारतो?" ताई म्हणाली.

"म्हणतो, मीच ती पेटी इतकी वर्षं सांभाळली, मला तिचा दोष माहीत आहे. ताईला विचार, टाका किती दिवस धरेल." काकूने माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. "उद्या दुपारी त्याला काय सांगू?"