टाकीवरचा पहारा

"किटली, तिला सांग," सुभेदार चहाच्या किटलीकडे डोळे वटारून गरजले, "ज्या पलटणीत मी आयुष्य घालवलं, त्या पलटणीच्या तोंडाला तिनं काळं फासलंय!"

किटली बिचारी काय बोलणार! तिनं नाकातून नुसती वाफ सोडली. सून खाली मान घालून गणवेशाला इस्त्री करत होती... आणि त्या गणवेशावर टपटप पडणारे अश्रू इस्त्रीखाली चुर्र होऊन जात होते. आज सकाळच्या परेडला साऱ्या पलटणीसमोर तिच्या खांद्यावरची बिगुलाची लाल दोरी उतरवली जाणार होती, आणि दोरीबरोबर तिची नोकरीही. का? तर तिच्या ओठांवर आलेलं एक वाक्य ती बोलायला तयार नव्हती म्हणून!

किटलीमार्फत बोलणं या घराला नवीन नव्हतं. सुभेदार निवृत्त होऊन घरी बसले आणि त्यांच्या मुलानं, बेकरीत पाव भाजणाऱ्या एकुलत्या एका मुलानं, त्याच पलटणीतली बिगुलवाली लग्न करून घरात आणली. "सुभेदाराच्या घरात मुलगा पीठ मळणार आणि सून बिगुल फुंकणार! उलटी परेड झाली ही!" असं म्हणून म्हाताऱ्यानं जी अढी धरली ती धरलीच. सुनेशी बोलायचं ते घड्याळामार्फत, छत्रीमार्फत. एकदा तर शेजाऱ्यांच्या मांजरीमार्फत निरोप धाडला, आणि मांजरीनं तो शब्दही न गाळता पोचवला असं गल्लीतली माणसं आजही छातीवर हात ठेवून सांगतात.

पण एकदाच, फक्त एकदाच, ते तिच्याशी थेट बोलले होते. त्या दिवशी ते स्वतःच्याच दारासमोर उभे राहून "हे घर कुणाचं?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते. बूट पावाच्या डब्यात सापडले. सुनेनं त्यांचा हात धरला, आत आणलं, आणि मग ढग सरावेत तसे त्यांचे डोळे क्षणभर स्वच्छ झाले.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा तो पोलादी आवाज लहान मुलासारखा कापला, "माझ्या डोक्यातली माणसं एकेक करून रजेवर चालली आहेत गं... परत येतच नाहीत. पलटणीला कळू देऊ नकोस. त्यांच्या मनात तरी मला ताठ उभा राहू दे. शब्द दे मला!"

तिनं शब्द दिला. संध्याकाळपर्यंत सुभेदार तो विसरले आणि किटली पुन्हा कामावर रुजू झाली. सून मात्र विसरली नाही.

आणि मग तो रविवार उजाडला. पलटणीला सुट्टी, सारे जवान गावात पांगलेले. सुभेदार दुपारी छत्री घेऊन घरातून निसटले ते थेट बराकींच्या मागच्या उंच पाण्याच्या टाकीवर! गंजलेली शिडी चढून, छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावून, टाकीच्या कठड्यापलीकडच्या अरुंद पट्टीवर पहारा देत उभे राहिले.

"बाबा, खाली या हो!" मुलगा खालून ओरडला.

"थांब! ओळख सांग!"

"अहो, मी तुमचा मुलगा!"

"सगळे हेर असंच म्हणतात!"

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरून चहाला हाक मारली. "पहाऱ्यावर चहा घेत नाही!" वरून उत्तर आलं. मुलगा शिडी चढू लागला, तर प्रत्येक पायरीगणिक म्हातारा एकेक पाऊल मागे... आणि मागे होती नुसती हवा! मुलगा थिजून जागीच थांबला. "बदलीचा पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडणार नाही!" सुभेदार गरजले, आणि त्यांचे पाय लटपटताना खालूनसुद्धा दिसत होते.

पहारेकऱ्याला बदलीवाचून जागा सोडायला लावणारा एकच सूर त्या पलटणीत होता. जमावाचा बिगुल! तो वाजला की जो जिथं असेल, जसा असेल, त्यानं मैदानावर धावायचं. तो कर्नलसाहेबांच्या हुकमाशिवाय वाजवायचा नाही. वाजवला तर नोकरी गेली! सुनेला हे पाठ होतं. तिचा हात ओला, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन... ती चौकीत धावली, खुंटीवरचा बिगुल ओढला, टाकीखाली आली आणि प्राण कंठाशी आणून फुंकला!

काय सांगावं त्या दुपारचं! न्हाव्याच्या खुर्चीतून एक नाईक अर्धी मिशी घेऊन पळाला. उरलेली अर्धी न्हावी पुढं कित्येक दिवस गिऱ्हाइकांना दाखवत असे. एक शिपाई मुलगी बघायला गेला होता. तो खिडकीतून गेला आणि मुलीनं त्याच चपळाईवर त्याला पसंत केलं. स्वयंपाकी झारा घेऊन धावला, झाऱ्याच्या वासानं गावातली कुत्री धावली, आणि सगळ्यांत शेवटी खुद्द कर्नलसाहेब, कानात साबणाचा फेस, कमरेला टॉवेल!

साऱ्या गावाचे डोळे मैदानाकडे. त्यामुळे टाकीवरचा म्हातारा कठड्याच्या आत आला, झपाझप शिडी उतरला आणि खाली मुलाच्या मिठीत कोसळला, हे कुणाच्याच नजरेस पडलं नाही. हातगाडीवर घालून त्याला घरी नेलं.

कर्नलसाहेब कडक, पण माणूस न्यायाचा. कपडे करून त्यांनी तिला समोर उभं केलं.

"प्यायली होतीस?"

"नाही, साहेब."

"कुणाशी पैज?"

"नाही, साहेब."

"सुट्टी होती म्हणून वाटेल तसं वागायचं? गणवेश उतरला म्हणून शिपाई उतरत नाही, कळलं? मग का वाजवलास?"

तिच्या कानांत तो कापणारा आवाज घुमला... शब्द दे मला!

"उत्तर नाही, साहेब."

आणि आज ही सकाळ! सुभेदारांना टाकी आठवत नव्हती, शिडी आठवत नव्हती. शिस्तीचं कलम तेवढं तोंडपाठ होतं. ज्याच्यासाठी तिनं सर्वस्व पणाला लावलं, तोच तिला कुलकलंक म्हणत होता! ती वेदना कुणाला सांगावी?

"मी जाऊन सांगतो सगळं," दारात नवऱ्यानं तिचा हात धरला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पाव भाजणाऱ्याला काय, कोर्टमार्शल करणार आहेत?"

"शब्द मी दिलाय," ती म्हणाली. "तू मोडलास तरी मोडला मीच." मग डोळे पुसत हसली. "तुझा पहिल्या घाण्याचा पाव करपेल, जा." आणि ती निघून गेली.

रीत अशी की बडतर्फ होणाऱ्या बिगुलवाल्यानं शेवटचा जमाव स्वतः वाजवायचा. तिनं वाजवला. तिची एक खोड होती, शेवटचा सूर ती लांबवायची. तिचा उस्ताद त्यावरून नेहमी रागवायचा. आज तर तो सूर गावावरून तरंगत गेला, गल्लीत शिरला, खिडकीतून स्वयंपाकघरात आला...

सुभेदार ताडकन उठून उभे राहिले. त्यांचे तळहात चुरचुरत होते. त्यांनी ते उघडून पाहिले. खरचटलेले, आणि रेघांत तांबूस गंज अजून बसलेला.

"हे... हे लोखंड..." ते पुटपुटले. "थंड वारा... खाली कुणीतरी रडत होतं... आणि हाच सूर! हाच! अगं, वर कोण होतं?"

सासूबाईंनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी साठवून ठेवला होता म्हणा ना. त्या दिवशी सगळा एकदम काढला. शेल्फावरच्या बरण्या हादरल्या.

"तुम्ही होता! तुम्ही! त्या पोरीनं तुमचा जीव वाचवला आणि तोंड शिवून बसली, कारण तुम्हीच तिच्याकडून शब्द घेतला होता! तिनं शब्द दिलाय, मी नाही दिलेला! सुभेदार, सावधान! चला मैदानावर!"

मैदानावर पलटण स्तब्ध उभी होती. कर्नलसाहेबांचा हात लाल दोरीकडे गेला, आणि फाटकातून एक वरात आली. पुढे सुभेदार, वर पदकांचा कोट, खाली चौकड्यांचा पायजमा, एका पायात चप्पल. शेजारी 'एक-दोन, एक-दोन' करत त्यांना चाल देणाऱ्या सासूबाई. मागे कोपरापर्यंत पिठानं माखलेला मुलगा. अर्ध्या मिशीचा नाईक हसणार होता, पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"बाबा, नका ना!" सून कळवळून ओरडली. "मी काही बोलले नाही!"

"ठाऊक आहे मला." ते थेट तिच्याकडे बघून बोलले. मग वळून त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "साहेब! गुन्हेगार मी आहे. माझी स्मृती चालली आहे. टाकीवर मी चढलो होतो. तिथून मरायचो, म्हणून तिनं जमाव वाजवला. माझी लाज झाकायला ती आपली दोरी देते आहे, साहेब... ती घेऊ नका. माझी पदकं घ्या!"

ते एकेक करून कोटावरची पदकं काढू लागले. आयुष्यभर जपलेला ताठा सगळ्या पलटणीसमोर त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला... आणि इतके ताठ ते कधीच दिसले नव्हते!

कर्नलसाहेबांनी त्यांचा हात धरून थांबवला.

"मी परवा काय म्हणालो होतो? गणवेश उतरला म्हणून शिपाई उतरत नाही. मग सुभेदार या पलटणीचे आहेत की नाहीत?"

"आहेत, साहेब!" टाकीतलं पाणी हिंदकळेल असा आवाज उठला.

"म्हणजे पलटणीचा माणूस धोक्यात होता आणि जमाव वाजला. ज्याच्यासाठी वाजवला, तो आला. हा खोटा बिगुल कसा?" त्यांनी लाल दोरी तिच्या खांद्यावर नीट बसवली. "मात्र सरकारी बिगुल न विचारता नेलास! शिक्षा म्हणून पुढचा रविवार चौकीत. आणि टॉवेलवर मैदानात आल्याबद्दल मीही चौकीत. चहा तू करायचा."

हशा उसळला, आणि हशातच कित्येकांनी डोळे पुसले. सुभेदार सुनेपुढे येऊन उभे राहिले. मधे ना किटली, ना छत्री.

"सूनबाई... उद्या मी हे विसरेन. म्हणून आजच सांगतो. माझ्या घरातला खरा शिपाई तू आहेस."

ती त्यांच्या गळ्यात पडली. बिगुल दोघांच्या मधे चेंगरला. त्याला तेव्हा पडलेला पोचा तिनं कधीच काढू दिला नाही.

पुढे पलटणीत एक नवीन रीत पडली, ती कुठल्या कलमात नाही. सुट्टीच्या दिवशी सुभेदार गच्चीत छत्री खांद्याला लावून उभे राहतात. चहाच्या वेळी कुणीतरी एक जवान सुट्टीच्या कपड्यांत, सिनेमा सोडून, गल्ली चढून येतो, टाचा जुळवतो आणि म्हणतो, "सुभेदारसाहेब, बदली आली आहे." मग ते जागा सोडतात आणि आत येऊन गरम पाव खातात.

हळूहळू बायकोचं नाव गेलं, मुलाचं गेलं, स्वतःचंही गेलं. पण संध्याकाळी बराकीतून बिगुल वाजला आणि शेवटचा सूर जरा जास्त लांबला, की म्हातारा खुर्चीचे हात धरून उठतो आणि घरात जो कोणी असेल त्याला दरडावतो,

"बसलात काय? उभे राहा! माझी सून वाजवते आहे!"