मुळाची बाजू खाली

मठाच्या जुन्या कोठारातला एक खांब तळाशी कुजला होता. मी आणि धाकटा भाऊ पर्सी, आम्ही दोघे सुतार तो दुरुस्त करायला गेलो. काम साधंच होतं. कोठार मात्र चर्चएवढं: दगडी भिंती, मधे ओकच्या खांबांच्या दोन रांगा, छप्पर पार वर अंधारात. सातशे वर्षांपूर्वी मठातले साधू इथे गव्हाच्या पेंढ्या रचायचे. आता नुसता कोंदट धुळीचा वास.

त्या काळच्या सुतारांनी प्रत्येक खांबाचं झाड उलटं उभं केलंय, बुंधा वर आणि शेंडा खाली. वर तुळया पेलायला रुंदी मिळते, असं बाबा सांगायचे. मग हळूच म्हणायचे, "सुलटं लावलंत तर लाकडाला तहान लागते रे." आम्ही हसायचो.

कुजका तळ कापून मी नवा तुकडा सांधला. घाईत मुळाची बाजू खाली गेली. लक्षात आलं तेव्हा खुंट्या ठोकून झाल्या होत्या.

"राहू दे रे दादा," पर्सी म्हणाला. "साधू काय तपासायला येणारेत?"

तिसऱ्या दिवशी खांब ओला लागला. पाऊस नव्हता, तरी ओल वर चढत होती. आणि पर्सीची तहान भागेना. चहाची किटली संपवून तो बादलीला तोंड लावायचा. ओठ फुटले, कातडी सालपटासारखी सुटू लागली. डॉक्टरांनी हात टेकले.

"दादा... एवढं पाणी जातं कुठे रे?"

मला कळलं होतं. चूक माझी होती, मलाच निस्तरायची होती. भर दुपारी टेकू लावून मी त्या तुकड्यावर करवत धरली. पर्सी बाहेर उन्हात बसला होता. भुशातून कोमट पाणी ओघळलं, तोच बाहेरून किंकाळी आली.

"थांब दादा! पाय... माझा पाय कापतोयस!"

धावत गेलो. त्याच्या नडगीवर करवतीच्या दातांसारखी लाल रेघ उमटली होती. मी तिथेच बसून रडलो. पुन्हा करवत उचलायचा धीर मला झाला नाही.

पर्सी पंधरवड्यात गेला. त्याची शवपेटी दोघांनीच सहज उचलली.

दर रविवारी मी त्या खांबाच्या पायथ्याशी बादलीभर पाणी ओततो. मागे वळेपर्यंत खांबाखालचा दगड कोरडा असतो. या महिन्यापासून दोन बादल्या लागतात.