वेळेवरचा हुंकार

"कहाणी भिंतीला सांगू नकोस हो, मृणाल. समोर ऐकणारं माणूस बसव, त्याच्या मुठीत अक्षता दे. त्यानं हुंकार दिला की मगच पुढं जा."

अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या सासूबाईंचा हा आवाज मृणालताईंच्या कानात घुमला तो भर शोरूममध्ये, नव्या टीव्हीपुढं. त्यांच्या शेवटच्या आजारात मृणालताईंनी शब्द दिला होता, रविवारची कहाणी न ऐकलेली राहू देणार नाही.

टीव्ही मात्र देखणा होता. पुठ्ठ्याइतका पातळ, कडेनं नाजूक वेलबुट्टी. बंद असला की भिंतीवरचं चित्रच वाटावं.

"याला बहुदर्शी म्हणतात, काकू," कंपनीची इंजिनिअर शलाका मुळे सांगत होती. "साधा पडदा सगळ्यांना एकच चित्र दाखवतो. याचा प्रत्येक ठिपका शेकडो दिशांना वेगवेगळा प्रकाश सोडतो. कोण कुठं बसलंय ते ओळखतो आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं ज्याचं त्याचं चित्र धरतो. आवाजही तसाच, ज्याचा त्याच्याच कानात."

मृणालताईंचे यजमान हर्षदराव त्याच पडद्यावर एक जुनं नाटक बघत होते, कॉलेजात जाणारी नात ओवी कसलीशी कोरियन मालिका. मधेच दोघं एकदम हसले.

"बघतायत वेगळं, मग हसले एकदम कसे गं?"

"तो मेळ. एकत्र बसल्यासारखं वाटावं म्हणून पडदा हसण्याच्या जागा जुळवून आणतो. एकाचं दृश्य क्षणभर लांबवतो, दुसऱ्याचं आवरतं घेतो."

"आणि माझी कहाणी? ऐकणारी ही दोघंच. टीव्ही लागला की हाका मारून घसा बसतो माझा."

"हुंकारच हवा ना? अगदी वेळेवर मिळेल. मेळ सगळं सांभाळतो."

"घेऊन टाक," हर्षदराव म्हणाले. "चाळीस वर्षं रिमोटवरून भांडलो. आता तरी सुख लागू दे."

"भांडण संपलं तर आजीशी बोलाल काय, आजोबा?" ओवी म्हणाली.

टीव्ही घरी आला, पाठोपाठ इमारतीतल्या सगळ्या घरांतही. तीन रविवार मृणालताईंना कोण समाधान! एकदाही 'हूं म्हणा ना' असं सांगावं लागलं नाही. त्या थांबल्या की हुंकार हजर.

चौथ्या रविवारी संध्याकाळी कहाणी सांगताना त्यांची नजर सोफ्यावर गेली. हर्षदरावांच्या मुठीतल्या अक्षता केव्हाच सांडल्या होत्या. मृणालताईंनी दोघांना पारखायचं ठरवलं. त्यांनी सूर बदलला नाही.

"मग राणीनं घरातला टीव्ही उचलला आणि नदीत सोडला."

"हूं."

"राजा त्याच्यामागं पोहत गेला."

"हूं, हूं," ओवीनं मानही डोलावली.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शलाकाला फोन लावला.

"बरोबरच चाललंय, काकू," शलाका म्हणाली. "मेळ तुमचं बोलणं ऐकत असतो. तुम्ही थांबलात की त्याच क्षणी त्यांच्या नाटकातलं, मालिकेतलं एखादं पात्र त्यांच्याकडे वळून विचारतं, 'पटतंय ना?' माणूस आपसूक हूं म्हणतो."

"म्हणजे चारही रविवार कुणी ऐकलंच नाही."

"पण घर शांत राहतं ना! कुणाची तक्रार नाही. माझ्या आईलाही मीच बसवून दिलाय. रोज टीव्हीपुढं बसून, फोन स्पीकरवर ठेवून माझं सगळं ऐकते. ऑफिस, घर, अगदी रडगाणंसुद्धा. मधे तोडत नाही, नुसती हूं..."

"म्हणजे आईसुद्धा..." शलाका पुटपुटली.

"तुझ्याकडे आहे का गं हा टीव्ही?" मृणालताईंनी हळूच विचारलं.

"नाही. एकटीला काय करायचाय?"

"मग पत्ता सांग, बाळ. आधी तुझं ऐकते, मग माझी कहाणी सांगते."

त्यांनी मूठभर अक्षता रुमालात बांधल्या, देवाला नमस्कार केला आणि चपला घातल्या.

"येते हो जाऊन."

"हूं," दोघं एकदम म्हणाले.

त्यांनी दार अलगद ओढून घेतलं. जिन्यात बंद दारांची रांग होती. सगळ्या दारांआडून एकाच क्षणी हसू फुटलं आणि एकाच क्षणी थांबलं. रुमालाची गाठ मुठीत घट्ट धरून मृणालताई पायऱ्या उतरू लागल्या.