मऊ कडेचा डाग

जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकच धड फोटो असावा, म्हणजे दिव्याखाली अंधारच. तोही बायकोबरोबर जोडीचा, दोन खुर्च्यांवर शेजारी बसून काढलेला. हा मुलगा वारल्यापासून सासूबाईंनी तो फोटो इतका कुरवाळला, की त्यातला त्याचा चेहराच पुसट झाला.

“सूनबाई, नवी प्रत काढ गं,” सकाळी त्या म्हणाल्या. “डोळे मिटले की त्याचा आवाज येतो, पण तोंड आठवेना झालंय. आईला पोराचं तोंड आठवू नये... मेलं कसलं हे म्हातारपण!”

दुपारी स्टुडिओचं दार लावून ती मागच्या डार्करूममध्ये गेली. लाल दिवा, फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास, नळाची टिपटिप. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये बसवून तिने खालच्या कागदावर प्रकाश पाडला आणि कागद ट्रेमधल्या औषधात सोडला. खुर्च्या उमटल्या, तिचा चेहरा उमटला, त्याचा कोट उमटला. कोटाच्या वर मात्र कोरा पांढरा डाग.

प्रकाश कमी पडला असेल, म्हणून तिने वेळ वाढवला. बाकी सगळं काळं झालं, डाग तसाच. कागद जुना असेल, म्हणून नवं पाकीट फोडलं. भिंग पुसलं. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली, तर चेहरा जागच्या जागी होता.

मग तिने डागाची कड निरखली. धुळीच्या डागाची कड धारदार असते. ही मऊ होती. अशी कड येते ती कागदावर पडणाऱ्या प्रकाशात हात धरून तो सारखा हलवत राहिलं तरच. सावली पडते तेवढा भाग उजळ राहतो. या फोटोची प्रत काढताना नवरा स्वतःच्या चेहऱ्यावर नेहमी असाच हात फिरवायचा. “तुझा चेहरा आपोआप उजळ येतो. शेजारी मी म्हणजे कोळशाची वखार!” म्हणून हसायचा.

नळाची टिपटिप थांबली होती.

“अहो...” ती हळूच म्हणाली. “पुरे आता. आईंना तुम्ही सावळेच हवे आहात... काढा ना हात.”

 कानाशी जराशी ऊब आली, कुणीतरी अगदी जवळ वाकल्यासारखी, आणि मग हातासारखी तिच्या गालावर येऊन थांबली.

तिने नवा कागद ठेवला, डोळे गच्च मिटले आणि प्रकाश पाडला. कागद औषधात सोडून पाहिलं, तर त्याचा चेहरा हळूहळू वर येत होता. कपाळ, भुवया, मिश्कील ओठ. अगदी सावळा. तिच्या डोळ्यांत एवढं पाणी दाटलं, की बाकीचा फोटो तिला दिसलाच नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी फोटो खिडकीशी नेला.

“आला गं माझा राजा!” त्यांनी तो छातीशी धरला, रडल्या, पुन्हा डोळ्यांजवळ नेला. त्यांचं बोट शेजारच्या खुर्चीवर येऊन थांबलं. मांडीवर जुळवलेले हात होते, खांदे होते. वर चेहऱ्याच्या जागी मऊ कडेचा कोरा डाग.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “हा आला... पण तू कुठं गेलीस?”